दोघी आहेत

इडोवूला लागोसमध्ये कुणी नाव विचारलं की तो जरा घुटमळायचा. तो लंडनमध्ये जन्मला, तिथेच वाढला. तिथे ते नुसतं एक नाव होतं, लोकांना धड उच्चारता न येणारं. इथे तसं नाही. आमच्या योरुबा घरांत जुळ्यांची नावं आईबापांनी शोधायची नसतात, ती ठरलेलीच असतात: आधी येतं ते ताइवो, मागून येतं ते केहिंदे. आणि जुळ्यांच्या पाठीवर जे मूल होतं ते इडोवू. त्यामुळे टॅक्सीवाला असो की भजीवाली, नाव ऐकलं की पुढचा प्रश्न यायचाच, "मग तुझी जुळी कुठं असतात?" तो म्हणायचा, "लंडनला," आणि खिडकीबाहेर बघत बसायचा.

मी मोरेनिके. लागोसच्या याबा भागात माझी लहानशी गॅलरी आहे. त्या वर्षी नोव्हेंबरात भरणाऱ्या मोठ्या कलामेळ्यात मला पहिल्यांदाच जागा मिळाली होती. या मेळ्यात अक्रा, डकार, नैरोबीचे चित्रकार येतात, तसेच ब्राझीलला, लंडनला, अमेरिकेला पिढ्यान्‌पिढ्या पांगलेले आपले लोकही येतात. मी सगळी भिंत इडोवूला देऊन टाकली. माझ्या भावानं मला वेड्यात काढलं. त्याच्या मते लंडनहून आलेल्या पोरांना इथल्या जुन्या वस्तू दिसल्या की रडू येतं, आणि ते रडू मग आपल्याला विकत घ्यावं लागतं. भाऊ तसा वाईट नाही, पण त्याची जीभ कधी आराम करत नाही.

इडोवूचं काम मला मनापासून आवडलं होतं. इबादान शहरात लामिदी नावाच्या माणसाचा एक जुना फोटो स्टुडिओ होता. म्हातारा वारल्यावर पुतण्यानं दुकान मोकळं करायला काढलं, तेव्हा खोकंभर निगेटिव्ह इडोवूनं उचलून आणल्या. त्यांतले फोटो तो मोठ्या कापडावर छापायचा आणि मग त्यावर दिवसचे दिवस सुईदोऱ्यानं टाके घालायचा. कुणाच्या झग्याची झालर, कुणाच्या हातातलं घड्याळ, कुणाच्या मागच्या रंगवलेल्या पडद्यावरचा समुद्र.

भिंतीच्या मधोमध लावलेलं चित्र सगळ्यांत मोठं होतं. अठराएक वर्षांच्या दोन मुली उभ्या आहेत. एकाच कापडाचे कपडे, डोक्याला तसंच कापड बांधलेलं, चेहरा तोच. फरक एवढाच, की उजवीकडच्या मुलीच्या कानात कानातली आहेत आणि डावीकडच्या मुलीचे कान मोकळे. दोघींच्या मध्ये हातभर जागा आणि त्या जागेतून वरपासून खालपर्यंत गेलेली एक बारीक रेघ.

इडोवूनं कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं, आणि ते खोटंही नाही, की आमच्याकडे जुळ्यांतलं एक वारलं तर आईबाप उरलेल्या मुलाला फोटो काढायला न्यायचे. फोटोग्राफर त्यालाच दोनदा उभं करायचा, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि दोन्ही फोटो जोडून द्यायचा. म्हणजे घरात जुळ्यांचा फोटो असायचा. ती रेघ पाहिली आणि इडोवूला खात्रीच पटली. हा जोड आहे. मुलगी एकच आहे. एकदा कानातली घालून उभी राहिली, एकदा काढून. मधल्या त्या हातभर जागेत त्यानं महिनोन्‌महिने पांढऱ्या दोऱ्याचे टाके घातले, इतके दाट, की बोट फिरवलं तर कापूस हाताला लागावा. शेजारी पाटी लावली. पाटीवर लिहिलं होतं की यातली एक बहीण या जगात नाही, उरलेली तिची जागा धरून उभी आहे, आणि पांढरं जे आहे ते तिचं नसणं आहे.

लोक पाटी वाचून पुन्हा चित्राकडे वळायचे. जोहान्सबर्गच्या एका संग्रहालयाची रेफिल्वे नावाची बाई पहिल्याच दिवशी त्या चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. तिला शोक या विषयावर एक मोठं प्रदर्शन भरवायचं होतं. हे चित्र दुसऱ्या कुणाला देऊ नकोस, मी विचार करून सांगते, असं ती मला बजावून गेली. मी हवेत होते.

शुक्रवारी दुपारी एक म्हाताऱ्या बाई नातीच्या दंडाला धरून आमच्या स्टॉलवर आल्या. ताठ कणा, चष्मा साखळीला लावलेला, कडक इस्त्रीचे निळे कपडे. मला वाटलं, कुणाची तरी श्रीमंत आई असणार. त्यांनी चित्राकडे पाहिलं, पाटी वाचली, पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली.

"हे कुणी लिहिलं?"

"चित्रकारानं," मी म्हणाले. "तुम्ही बसा ना, आई. मी सांगते तुम्हाला चित्राबद्दल."

"मला काय सांगतेस चित्राबद्दल? ही मी." त्यांनी चष्म्याच्या दांडीनं डावीकडची मुलगी दाखवली. "आणि ही माझी बहीण. कधी मेली ती? मला कुणी कळवलं नाही."

 नातच पुढे होऊन बोलली. तिचं नाव सिमिसोला. तिनं सकाळी मोबाईलवर मेळ्यातले फोटो बघता बघता हे चित्र आजीला दाखवलं होतं. आजीनं स्वतःला ओळखलं, मग खालचा मजकूर वाचला, आणि चपला घातल्या. आजीचं नाव केहिंदे, इथेच लागोसमध्ये सुरुलेरेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. बहीण ताइवो इबादानला असते. आणि त्याच सकाळी, सिमिसोला आवाज खाली आणून म्हणाली, ताइवोआजीला इबादानच्या इस्पितळात ऑपरेशनला आत घेतलं होतं. पोटात गाठ निघाली होती.

इडोवू कॉफी घेऊन परत आला तो नेमका त्याच वेळी. मी त्याला जमेल तेवढं थोडक्यात सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला. 

"त्या जिवंत आहेत?"

"सकाळपर्यंत होती," केहिंदेबाई म्हणाल्या. "आत्ता टेबलावर आहे. आणि तू इथे भर बाजारात लिहून ठेवलंयस की ती नाही."

"पण ती रेघ..."

"पडद्याची शिवण आहे ती. लामिदीकडे एवढा रुंद पडदा कुठला? दोन तुकडे शिवून टांगलेले असायचे. सगळ्या इबादानला माहीत होतं."

"आणि मधली जागा?"

"ती भांडणाची जागा आहे. माझी कानातली तिनं न विचारता घातली होती. मी म्हटलं, काढ. ती म्हणाली, नाही काढत. लामिदी बिचारा हात जोडून सांगत होता, पोरींनो, जरा जवळ सरका. कोण सरकतंय." त्या पांढऱ्या टाक्यांकडे बघत राहिल्या. "केवढं शिवलंयस रे. डोळे दुखले नाहीत?"

 इडोवू सरळ पाटीपाशी गेला आणि ती ओढायला लागला. पाटी चांगल्या पक्क्या गोंदानं चिकटवलेली, हलेना. मी पर्समधली किल्ली काढून एका कोपऱ्याखाली घातली. तेवढ्यात मेळ्याची एक व्यवस्थापक मुलगी धावत आली. मधेच पाटी काढता येणार नाही, छापील पुस्तिकेत तोच मजकूर आहे, वरून परवानगी आणावी लागेल, असं तिचं म्हणणं.

"परवानगी?" केहिंदेबाई तिच्याकडे वळल्या. "माझी बहीण मेली असं लिहिताना माझी परवानगी कुणी घेतली होती का? त्यांना म्हणावं, केहिंदेनं सांगितलंय."

असा आवाज फक्त शाळेच्या बाईंचाच असतो. ती मुलगी "हो बाई" म्हणाली, आणि आपण का म्हणालो ते न कळल्यासारखी उभी राहिली. मग निघून गेली. पाटी निघाली, भिंतीचा थोडा रंगही घेऊन निघाली.

आता बाई घरी जातील असं मला वाटलं होतं. त्या माझ्या खुर्चीत बसल्या.

"भाचा फोन करणार आहे. घरी बसवत नाही मला. इथेच बसते, तिच्यासमोर."

इबादानला का गेला नाहीत, असं मी चाचरत विचारलं. तर ताइवोनंच बजावलं होतं, ऑपरेशन होईपर्यंत पाऊल टाकायचं नाही. गेल्या खेपेला केहिंदेबाईंनी दोन नर्सना हात धुवायला परत पाठवलं होतं, आणि त्या दोघींनी मग ताइवोला सुया मुद्दाम जोरात टोचल्या, अशी ताइवोची तक्रार.

आम्ही बसलो. वर्दळ चालूच होती. लोक येत, मधल्या चित्रासमोर थांबत, रिकाम्या भिंतीवर पाटी शोधत, आणि खुर्चीतल्या बाईंकडे बघत. एकदोघांना काहीतरी जाणवलं असावं, कारण ते चित्राकडे आणि बाईंकडे आलटून पालटून बघून हळूच निघून गेले. सिमिसोला फोन हातात धरून होती आणि दर थोड्या वेळानं तो चालू आहे ना ते बघत होती. इडोवू जमिनीवर मांडी घालून बसला होता. त्याला माफी मागायची होती आणि त्याचं योरुबा तिथवर पोचत नव्हतं. त्यानं जे वाक्य जुळवलं त्याचा अर्थ साधारण "मी तुमच्या बहिणीला चुकीचं ठेवलं" असा होत होता. बाईंनी त्याचं व्याकरण सुधारलं आणि मग विचारलं,

"नाव काय तुझं?"

"इडोवू."

मी डोळे मिटले. आता प्रश्न येणार. आला.

"मग तुझी जुळी?"

तो लंडनला म्हणेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "गेली. माझ्या आधी. लहान असतानाच. किती लहान ते मला माहीत नाही. आई बोलत नाही त्यांच्याबद्दल, घरात फोटोसुद्धा नाही."

 पांढऱ्या टाक्यांकडे बाईंनी परत एकदा पाहिलं, पण या वेळी वेगळ्या नजरेनं. नंतर म्हणाल्या, "म्हणून शिवत होतास होय."

"मला वाटलं, कुणाच्यातरी घरी निदान फोटो तरी आहे."

"ताइवो आणि केहिंदे ही तर सगळ्यांचीच असतात. घरची नावं काय होती त्यांची? आईनं ठेवलेली?"

"माहीत नाही."

"विचार तिला. बाई बोलत नाही म्हणजे तिला बोलायचं नसतं असं नाही. कुणी विचारत नाही म्हणूनही माणूस गप्प बसतं."

उन्हं उतरायला लागली तशी रेफिल्वे आली. हसतच आली, बहुधा होकार घेऊन. मी तिला बाजूला नेलं आणि सगळं खरं सांगून टाकलं. चित्रातली दुसरी मुलगी दुसरीच आहे, जिवंत आहे, निदान देवानं ठेवलं तर आहे, आणि पांढरं आहे ते कानातल्यांवरून झालेलं भांडण आहे. रेफिल्वेनं ऐकून घेतलं. तिचं हसू गेलं नाही, पण पातळ झालं. तिच्या प्रदर्शनात आता हे कुठे बसेल, तिला विचार करावा लागेल, असं म्हणून ती गेली. मी मनातल्या मनात बुडणाऱ्या पैशांचा हिशेब करायला लागले. मग खुर्चीतल्या बाईंकडे नजर गेली आणि त्या हिशेबाची लाज वाटली.

बाईंचे ओठ हलत होते. मला वाटलं, प्रार्थना. जवळ गेले तर त्या चित्रातल्या बहिणीला दम भरत होत्या.

"मी पाठवल्याशिवाय तू कुठं जायचं नाहीस. ठाऊक आहे ना? मी सांगितलेलं नाहीये तुला जायला."

आमच्यात ताइवो आधी जन्मते, तरी थोरली केहिंदेच. तिनंच धाकटीला पुढे पाठवलेलं असतं, जग कसं आहे ते जरा बघून ये म्हणून. इडोवूला हे कळलं की नाही कोण जाणे. त्यानं मान खाली घातली होती.

फोन वाजला तेव्हा सिमिसोलाच्या हातून तो पडलाच असता. बाईंनी घेतला. भाचा मोठमोठ्यानं बोलत होता, आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं. ऑपरेशन झालं होतं. गाठ अख्खी निघाली होती. डॉक्टरांच्या नजरेला तरी ती वाईट जातीची वाटत नव्हती, तपासणीचा निकाल यायचा होता, पण त्यांनी काळजी करू नका असं दोनदा सांगितलं होतं. ताइवो शुद्धीवर आली होती.

"काय म्हणाली?" बाईंनी विचारलं.

भाचा थोडा घोटाळला. "तिनं विचारलं, केहिंदे आली नाही ना?"

बाईंनी फोन मांडीवर ठेवला. मला वाटलं, आता रडतील, मी रुमाल शोधायला लागले. त्या म्हणाल्या, "मला भूक लागलीय. सकाळपासून पोटात काही नाही." मी धावत जाऊन बाहेरून गरम पफ-पफ आणले. ते गोड गोळे त्यांनी एकामागून एक खाल्ले, साखर लागलेली बोटंसुद्धा चाटली. रडला तो इडोवू, भिंतीकडे तोंड करून, आणि सिमिसोला त्याच्या पाठीवर थोपटत राहिली. जणू तीच मोठी होती.

शनिवारी तो उशिरा आला. डोळे सुजलेले, पण चालण्यात काहीतरी सैल झालं होतं. खांद्यावरचं ओझं कुणीतरी न सांगता उतरवून घ्यावं तसा दिसत होता. सकाळी त्यानं आईला फोन केला होता.  आधी त्याला वाटलं, फोन कट झाला. मग आईनं नावं सांगितली. मुलाचं अडेटोला, मुलीचं मोजिसोला. मुलगी चालायला लागली होती, मुलगा अजून बसून सरकत होता आणि तिच्या पायांना धरून तिला पाडत होता. एका पावसाळ्यात दोघांना ताप आला. त्यानंतर इडोवूच्या आईबापांनी लागोस सोडलं.

"ती म्हणाली, तू विचारशील म्हणून वाट बघत होते," इडोवूनं मला सांगितलं. "मी तिला विचारलं, मग तूच का नाही सांगितलंस? तर म्हणाली, तुला वाटलं असतं मी त्यांनाच शोधतेय तुझ्यात. मग हसली. मोरेनिके, या विषयावर ती हसू शकते हे मला माहीतच नव्हतं. मुलगा पाय धरून पाडायचा ते सांगताना हसली."

त्या दिवशी स्टॉलवर त्याला कुणी जुळ्यांबद्दल विचारलं तेव्हा त्यानं दोन्ही नावं सांगितली. विचारणाऱ्यानं मान लववली, एवढंच. तेवढंच पुरलं.

रेफिल्वे संध्याकाळी आली आणि मधलं चित्र सोडून देत असल्याचं तिनं मला नीट, सभ्यपणे सांगितलं. तिनं दुसरं एक लहान चित्र निवडलं, एका रिकाम्या खुर्चीचं, ज्याबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं. पण ती गेल्यावर मी मोठा श्वास सोडला आणि माझ्या लक्षात आलं, की शुक्रवारपासून मला या एकाच गोष्टीची भीती वाटत होती: ते चित्र कुठल्यातरी शोकाच्या प्रदर्शनात जाऊन टांगलं जाईल आणि मला ते केहिंदेबाईंना सांगावं लागेल.

रविवारी, शेवटच्या दिवशी, बाई पुन्हा आल्या, आणि या वेळी घरचा गोतावळा घेऊन. सिमिसोला, मुलगा, सून, शेजारीण, आणि दोन मोठी पातेली. जुळ्यांवरचं संकट टळलं की आमच्याकडे तपकिरी चवळी शिजवतात, तेलात घोटून, आणि दिसेल त्याला वाढतात. दारावरच्या रखवालदारानं पातेली अडवली. हॉलमध्ये खाणं न्यायला बंदी. बाईंनी त्याच्याशी वाद घातला नाही. पायऱ्यांवर पातेली ठेवली आणि झाकण उघडलं. वासानं निम्मा मेळा बाहेर आला.

तिथेच, पायऱ्यांवर बसून, सिमिसोलानं ताइवोआजीला मोबाईलवर लावलं. पडद्यावर उशीला टेकलेला तोच चेहरा. बाईंनी आधी तिला नीट बघून घेतलं. मग सिमिसोलानं आत जाऊन चित्राचा फोटो काढून आणला आणि ताइवोला दाखवला.

"अगं बाई," ताइवो क्षीण आवाजात म्हणाली. "ही कानातली घालून उभी आहेस ती तू. माझी कानातली."

"मी?" केहिंदेबाई म्हणाल्या. "डोकं ठिकाणावर आहे का? भूल उतरली नाही वाटतं अजून. कानातली माझी होती, आणि घातलेली ती तू."

"आत्यानं मला दिली होती ती. बघ, कान मोकळे असलेली मी आहे. चोर तू."

इडोवू चवळीची थाळी हातात धरून दोघींकडे बघत होता. त्यानं मला हळूच विचारलं, आता पाटीवर काय लिहायचं? कोण कुठली आहे हे कोण ठरवणार? मी म्हटलं, या दोघी ठरवतील असं काही दिसत नाही.

बाईंनी ते ऐकलं. फोन न सोडता, डोळे बहिणीवरून न काढता म्हणाल्या, "लिही, दोघी आहेत. पुढचं आम्ही बघतो."

भांडण पुढे चालू राहिलं. ताइवोचा आवाज अधूनमधून ठसका लागून थांबायचा, मग केहिंदेबाई थांबायच्या, पाणी पी म्हणायच्या, आणि पुन्हा तिथूनच सुरू करायच्या. आत कामगार भिंती उतरवायला लागले होते, ठोकाठोक ऐकू येत होती. मला आत जाऊन चित्रं बांधायची होती, पण मी चपला काढल्या आणि पायरीवर पाय पसरून बसले. रखवालदार कामावरून सुटला होता. तो टोपी काखेत मारून आला आणि त्यानं आपली थाळी पुढे केली.